गुळव्यांचा ना हरकत दाखला

विषय : श्री. मकरंद त्र्यंबक गुळवे, वरिष्ठ लिपिक, आस्थापना शाखा, यांनी बावीस वर्षांची नोकरी सोडून पूर्णवेळ शेअर बाजारात उतरण्याबाबत.

संदर्भ : अर्जदार आणि मौलाबा यांच्यात गुरुवारी दुपारी चारनंतर जनावरांच्या बाजारतळावर झालेली तोंडी चर्चा. प्रस्तुत लेखक चर्चेस शेवटपर्यंत हजर होता. त्याला कोणी पाठवलं होतं, ते पुढे येईल.

“म्हणजे तुमची हरकत नाही, असं मी समजू का?” गुळव्यांनी विचारलं.

 मौलाबा गुरांच्या हौदाच्या कठड्यावर बसून चपलेच्या तळाला चिकटलेलं शेण काडीनं काढत होते.

“तसं असेल तर तसं सांगा. म्हणजे मी घरी सांगायला मोकळा.”

काडी मोडली. मौलाबांनी दुसरी उचलली.

गुळवे माझ्या हाताखाली तयार झालेले. मी निवृत्त झालो तेव्हा माझं टेबल त्यांच्याकडे गेलं. कोणाची वेतनवाढ कधी, कोणाची रजा किती शिल्लक, कोणाच्या सेवापुस्तकात जन्मतारीख खोडलेली आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गेल्या तीन वर्षांत त्यांना शेअर बाजाराचा नाद लागला. नाद हा शब्द माझा. त्यांचा शब्द करिअर.

निर्णय माझा आहे आणि तो झालेला आहे, असं ते भेटेल त्याला सांगत. आणि भेटेल त्याच्याकडून ना हरकत मागत. आईची घेतली, तोंडी. थोरल्या भावाची घेतली, फोनवर. गृहकर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन मॅनेजरला विचारून आले. बँकेनं काही विचारलेलं नव्हतं. आस्थापना शाखेत माणूस फार काळ राहिला की त्याला स्वतःचं मन हेही एक दुसरं कार्यालय वाटू लागतं. तिकडून दाखला आल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.

बायकोचा दाखला राहिला होता.

वैजयंतीबाई भांडल्या नाहीत. मुलगी बारावीला आहे, एवढंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एकच अट घातली. आधी मौलाबांना विचारून या.

मौलाबा हे जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये बसून त्यांनी पन्नास वर्षं सौदे जमवले. वैजयंतीबाईंच्या माहेरचे बैल आजोबांच्या काळापासून त्यांच्याच हातून आले आणि त्यांच्याच हातून गेले. बासष्टाव्या वर्षी त्यांनी धंदा सोडला आणि बाजारतळाच्या कडेला निंबाखाली एक पिराची जागा आहे, तिथे झाडलोट करत राहू लागले. धंदा का सोडला याच्या मी तीन कथा ऐकल्या आहेत. तिन्ही सांगणारे प्रत्यक्ष हजर होते. म्हणून मी तिन्ही बाजूला ठेवल्या.

लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन येतात. ते कोणाकडून काही घेत नाहीत, अशी ख्याती आहे. चाळीस वर्षं वैद्यकीय प्रमाणपत्रं तपासल्यावर माणसाचा तापावरही विश्वास राहत नाही, तिथे ख्यातीवर कुठून राहणार. जो काही घेत नाही तो कुठेतरी घेतच असतो. फक्त पावती सापडत नाही. गावात शेअर शिकवणारा एक क्लास निघाला आहे. त्या क्लासवाल्याचं आणि या म्हाताऱ्याचं काही आहे का, हे मी येतानाच मनात टिपून ठेवलं होतं. आल्यापासून दानपेटी शोधत होतो. माठ सापडला, त्यावर उपडा पेला. एक खराटा.

आता माझं. वैजयंतीबाईंनी मला घरी बोलावून सांगितलं, तुम्ही बरोबर जा, हे तुमचं ऐकतात. गुळव्यांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, तुम्ही बरोबर या, म्हणजे म्हातारा काय म्हणाला याला साक्षीदार राहील. मी दोघांनाही हो म्हणालो. दोन्हीकडचा चहा झाला होता.

मौलाबांनी चप्पल खाली ठेवली आणि गुळव्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं.

“भाऊसाहेब, तुमी कुणाकडनं?”

“मी... सहज आलो.”

“बाजारात सहज कोन येत न्हाई,” मौलाबा म्हणाले. “बसा.”

मी बसलो. पुढचा अर्धा तास मला कोणी काही विचारलं नाही, आणि ते बरंच झालं.

गुळव्यांनी आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. मांडणी चांगली होती, मुद्देसूद. तुम्हीही बाजारच केलात, ते म्हणाले. तुम्ही जनावराचे दात बघत होतात, मी कंपन्यांचे आलेख बघतो. तुमचा बाजार रविवारी भरायचा, आमचा सोमवार ते शुक्रवार. तुमचा दिवस मावळला की उठायचा, आमचा साडेतीनला उठतो, म्हणून तर आज चार वाजता येता आलं. कोणाची चाकरी नाही, कोणाला सलाम नाही. तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच मी आता करतो म्हणतो, तर त्यात विचारण्यासारखं काय आहे?

“मी कुटं काय इचारलं,” मौलाबा म्हणाले. “तुमीच आला, जावईबापू.”

जावईबापू हा शब्द आमच्याकडे मानाचा आहे. माणसाला पाटावर बसवतो आणि त्याच वेळी दोन बोटं खाली उतरवतो. गुळव्यांना दोन्ही कळलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तीन वर्षांचा हिशेब दाखवायला लागले. मौलाबांनी फोन हातात घेतला नाही. चष्मा नाही म्हणाले. मला तो नंतर त्यांच्या खिशात दिसला.

मग त्यांनी भलतेच प्रश्न विचारले. आकडे सोडून. बसता कुठं? कधी बघता? बघताना शेजारी कोण असतं?

गुळवे उत्साहानं सांगू लागले. कार्यालयातच बसतो. टेबलाचा उजवा खण थोडा उघडा, त्यात फोन. सकाळी सौदा लावून ठेवायचा, इतक्या खाली गेला तर विकला जाईल असं बांधून ठेवायचं, आणि मग मधून मधून नजर टाकायची. पण शांतपणे बघू देतात कुठे? जरा भाव हलायला लागला की साहेबांची बेल. साहेबांकडून आलो की पेन्शनवाला म्हातारा समोर उभा. त्याचं झालं की शिपाई, की जिल्ह्याची माहिती आजच्या आज हवी. खण लोटून उठावं लागतं. एवढ्या व्यत्ययातही तीन वर्षं सलग कमावलं. मग सबंध दिवस मिळाला तर किती होईल, याचं गणित कोणीही करेल.

“सगळ्यात चांगला दिस कुटला?” मौलाबांनी विचारलं.

गुळवे हसले. तो दिवस त्यांना पाठ होता. लेखापरीक्षणाचं पथक आलं होतं तेव्हाचा. पथकप्रमुखांनी सगळ्यांचे फोन कपाटात ठेवायला लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. त्या दिवशी भाव आधी कोसळला, बांधलेल्या आकड्याच्या जेमतेम वर थांबला, मग दुपारनंतर जो चढला तो चढलाच. गुळव्यांना संध्याकाळी कळलं. वर्षातली सगळ्यात मोठी कमाई.

मौलाबांनी मान डोलावली.

“कुलूप चांगलं निघालं.”

गुळवे थांबले. मग हसायचं ठरवून हसले. मीही हसलो. मौलाबा हसले नाहीत.

“आन् रजा?” ते म्हणाले.

गुळव्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मी काही बोललो नव्हतो. मग मला वैजयंतीबाईंचा संशय आला. बाईनं आधीच निरोप धाडलेला दिसतो. गुळव्यांच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्यांचा चेहरा तसा झाला.

“रजेचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मला कोन सांगनार. इहिरीत उडी टाकनारा आदी काठावर पाय बुडवून बगतो. तुमी बगितला असंल, म्हनून इचारलं.”

... ... ...

गुळव्यांनी मार्च महिन्यात अठ्ठावीस दिवसांची अर्जित रजा घेतली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घराची रंगरंगोटी. ते अठ्ठावीस दिवस ते सकाळी सव्वानऊला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माडीवरच्या खोलीत दार लावून बसत. दुपारी साडेतीनला बाहेर येत. जेवण दाराशी ठेवलं जाई. मुलीला मोठ्यानं वाचायची बंदी होती.

“काय झालं त्या रजेत?” मौलाबांनी विचारलं.

“अनुभव मिळाला,” गुळवे म्हणाले.

हा शब्द मी ओळखतो. विभागीय चौकशीच्या अहवालात तो शेवटच्या पानावर येतो.

मौलाबांनी रक्कम विचारली नाही.  मग त्यांनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, “घराला रंग दिला का?”

“... नाही.”

इथे गुळवे चिडले. तसे ते चिडणारे नाहीत. पण आवाज चढला आणि मुद्देसूदपणा गेला. तुम्हाला काय वाटतं, मला पैशाचा हावरेपणा आहे? ते म्हणाले. पगारात आमचं भागतं. बायको नीट भागवते. पैशाचा प्रश्नच नाही. आणि मग जे म्हणाले ते मी शब्दशः देतो, कारण ते मला येतानाच्या वाटेवर त्यांनी सांगितलं नव्हतं.

“बावीस वर्षं टिपणी मी लिहितो, सही दुसऱ्याची. चुकलं तर लिपिकाचं, जमलं तर साहेबांचं. त्या खणात पंधरा मिनिटं मी काहीतरी ठरवतो आणि ते माझं असतं. बुडालं तरी माझं असतं. तेवढंच मला पाहिजे. आयुष्यात एकदा तरी वरच्या कोणाला न विचारता...”

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आपण काय विचारायला इथे आलो आहोत, हे त्यांना तिथेच आठवलं असेल.

मी हौदातल्या पाण्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं टिपणी मीही लिहिली होती. माझ्याकडे तसा खण नव्हता.

मौलाबांनी हातातली काडी टाकून दिली.

“मग इकून टाकू या,” ते म्हणाले.

“काय?”

“नोकरी. आनलीय न्हवं बरूबर?”

गुळव्यांना वाटलं चेष्टा आहे. मलाही. पण मौलाबांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि उजवा हात पुढे केला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल मालकाचा हात हातात घेतो, वर पंचा टाकतो आणि मालक बोटं दाबून आपला आकडा सांगतो. एक बोट म्हणजे किती, ते त्या दोघांत ठरलेलं असतं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना फक्त पंचा दिसतो. तसाच घेणाऱ्याचाही हात. दोन आकडे जवळ आले की सौदा होतो, नाही आले तर पंचा उचलला जातो आणि कोणी कोणाला लाजत नाही.

“मालक तुमी,” मौलाबा म्हणाले. “जनावर बावीस वरसाचं, रुळलेलं. घेनाऱ्याचं माझ्याकडं लागलं. तुमचा आकडा द्या.”

“एक बोट म्हणजे किती?”

“तुमी म्हनाल तेवडं.”

“पाच लाख,” गुळवे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना खेळ आवडला होता. बाजारात भाव सांगणं हा तर त्यांचाच विषय. त्यांनी शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला.

पंचा पडला.

मी माझ्या आयुष्यात कोणाचीही गोपनीय फाईल न वाचता पुढे पाठवलेली नाही. गोपनीय अहवाल तर आधी. आणि इथे दोन हातांवर एक मळका पंचा होता आणि मला काहीही दिसत नव्हतं. मी पंच्याच्या घड्यांकडे बघत राहिलो. एक घडी हलली. मग हलली नाही.

गुळव्यांच्या चेहऱ्यावर आधी ते हसू होतं, जे साहेबांच्या विनोदाला काढून ठेवलेलं असतं. ते बराच वेळ टिकलं. मग कडेनं सुटायला लागलं. मौलाबा त्यांच्याकडे बघतच नव्हते. ते रिकाम्या तळाकडे बघत होते. तिथे खुंट्यांच्या रांगा होत्या आणि रविवारपर्यंत त्यांना एकही जनावर बांधलं जाणार नव्हतं.

एवढा वेळ का लागतो, मला कळेना. आकडा ठरलेला होता. येताना गाडीवर गुळव्यांनी मला तो दोनदा सांगितला होता. उरलेली वर्षं गुणिले पगार, अधिक निवृत्तिवेतनातला फरक, त्यावर व्याज. बोटांत मांडला तर आठ बोटं. दाबायला किती वेळ लागावा?

... ... ...

फोन वाजला. गुळव्यांच्या वरच्या खिशात. त्यांनी डाव्या हातानं काढला, नाव बघितलं आणि उठून उभे राहिले.

“हो सर.”

उजवा हात पंच्याखालीच होता. त्यामुळे ते धड उभे नव्हते आणि धड बसलेलेही नव्हते. कमरेत वाकून, मोकळ्या हातानं फोन कानाशी धरून, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायला निघालेला माणूस साहेबांशी उभ्यानं बोलत होता. मौलाबांनी हात सोडला नाही, ओढलाही नाही. पंचा दोघांमध्ये तंबूसारखा ताणला गेला.

कार्यालयात एक बाई आल्या होत्या. मृत शिपायाची पत्नी, कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण, चौथी फेरी. सेवापुस्तक सापडत नव्हतं आणि साहेब त्यांना पुढच्या महिन्यात या म्हणून सांगायच्या बेतात होते. गुळवे म्हणाले, नाही सर, सांगू नका तसं. ते पुस्तक तिसऱ्या कपाटात आहे, खालच्या फळीवर, निळ्या दप्तरात, कारण त्याचा पुठ्ठा निघाला होता म्हणून मी वेगळं बांधून ठेवलं. अकराव्या पानावर एका रजेच्या नोंदीवर सही नाही, तेवढ्यासाठी कोषागार परत पाठवतंय. ती रजा मंजूर झालेली आहे, आदेश माझ्याकडे आहे. मी आज-उद्या रजेवर आहे, बाईंना म्हणावं सोमवारी या. सोमवारी मी करून देतो. त्यांना येण्याजाण्याला दोन एसट्या बदलाव्या लागतात सर, सोमवारनंतर आणखी फेरी नको.

पलीकडून काहीतरी बोललं गेलं. गुळवे म्हणाले, हो सर, सोमवारी आहे ना मी.

फोन ठेवून ते खाली बसले. माफ करा म्हणाले.  पंचा पुन्हा सैल होऊन दोघांच्या हातांवर पडला आणि तसाच राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही. नंतर घड्याळ बघितलं तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते.

मग मौलाबांनी पंचा उचलला, झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला.

“न्हाई झाला सौदा.”

“का?” गुळव्यांनी उजव्या हाताची बोटं चोळली. “घेणारा नाही का मिळाला?”

“घेनारं लई हायत. भायेर उभी हायत पोरं, एकेका जागंला हजार.”

“मग मला एक काय ते सांगा. सोडू, की नको सोडू?”

“बैल इकनारा असं इचारत न्हाई, जावईबापू. त्यो इचारतो, केवड्याला.”

गुळवे उठले. पँटचा मागचा भाग झटकला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी शोधल्यासारखं होतं, पण ते पटकन आवरलं गेलं. ते म्हणाले, ठीक आहे, ते माझं मी बघतो. पण तुमची हरकत नाही, असंच घरी सांगू ना?

“माजी कसली हरकत,” मौलाबा म्हणाले.

गुळव्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की, ऐकलंत ना, तुम्ही साक्षीदार. दाखला मिळाला होता.

गाडी तळाच्या फाटकाशी लावलेली होती. तिथवर जाताना गुळवे माझ्या कानाशी आले. म्हाताऱ्याला परवडलं नाही, ते म्हणाले. मी आठ बोटं ठरवून गेलो होतो, पण म्हटलं बाजार आहे, जरा चढवून सांगावं. दहा दिली. पाच आणि पुन्हा पाच. म्हातारा गार पडला. गप्पच झाला एकदम. नोकरीची किंमत माणसाला स्वतःला कळावी लागते, भाऊसाहेब, ती आज मला कळली.

मी म्हटलं, छान.

माझा विश्वास बसला नाही. का बसला नाही, त्याला पुरावा नव्हता. दहा बोटं दाबायला दोनदा हात आवळावा लागतो. मी पंच्यावरची नजर हलवली नव्हती. तो एकदा हलला होता, आणि नंतर गुळवे फोनवर उभे राहिले तेव्हा ताणला गेला होता. बाकी वेळ तो पंचा कोणी झोपलं असल्यासारखा पडून होता. पण मग माझा मौलाबांवरही विश्वास नव्हता. कदाचित आकडा दिला गेला असेल आणि यानंच दाबून ठेवला असेल, वैजयंतीबाईंच्या सांगण्यावरून. दोघांपैकी एक खोटं बोलत होता आणि घरी जाऊन बाईंना मला काहीतरी सांगायचं होतं.

मी गुळव्यांना म्हटलं, चष्म्याचं घर विसरलो. ते माझ्या खिशात होतं.

मौलाबा माठातून पाणी घेत होते. मला बघून त्यांनी दुसऱ्यांदा पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. मी घेतला. सरळ विचारायचं ठरवलं, कारण आडून विचारण्याचा माझा धंदा त्यांच्या धंद्यापेक्षा नवखा होता.

“बाबा, गुळव्यांनी आकडा केवढा दिला?”

“भाऊसाहेब, पंच्याखालचं भायेर सांगायचं नसतं. बापाला सांगायचं नसतं.”

मी म्हटलं, मी सहज आलो नव्हतो. मला त्यांच्या बायकोनं पाठवलंय. पोरगी बारावीला आहे. तीन महिन्यांची नोटीस एकदा सुरू झाली की कागद कोणाचं ऐकत नाही. मी तो आकडा बाईंनाही सांगणार नाही, मला फक्त कळू दे की दिला तो खरा होता का.

मौलाबांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. फाटकाशी गुळवे गाडी चालू करून उभे होते. एका हातानं हॅंडल, आणि उजवा हात ते अजून पँटला पुसत होते.

मौलाबांनी तिकडे पाहिलं आणि पेला माठावर उपडा ठेवला.

“आकडा असता, तर न्हाई सांगितला असता.”

सद्यःस्थिती : श्री. गुळवे यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कार्यालयास प्राप्त झालेला आहे. नोटिशीचा कालावधी कोणत्या दिनांकापासून मोजावा, ती जागा अर्जात कोरी आहे. त्रुटीपूर्ततेसाठी अर्ज आस्थापना शाखेकडे परत आलेला असून, त्या शाखेतील दुसरे पद रिक्त असल्यामुळे त्याचा कार्यभार श्री. गुळवे यांच्याकडेच आहे. अर्जदारास आजवर दोन स्मरणपत्रे देण्यात आली. दोन्हींचा मसुदा श्री. गुळवे यांनी तयार केला आहे. उत्तर अप्राप्त. अर्ज प्रलंबित आहे.